आरुषी प्रकरणावर मत देण्याआधी: ‘इंडियन कानून’ या निकालसेवेचे परीक्षण

नोएडाच्या जलवायू विहार वसाहतीत १६ मे २००८ च्या सकाळी तेरा वर्षांच्या आरुषी तलवारचा मृतदेह तिच्या खोलीत सापडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर, त्या घरी कामाला असलेल्या हेमराज बंजाडे यांचा. तपास झाला, तपास करणारी यंत्रणा बदलली, खटला चालला, आरुषीच्या आईवडिलांना शिक्षा झाली आणि वरच्या न्यायालयात ती शिक्षा रद्दही झाली; पण या दोन खुनांचा गुन्हेगार कोण, हे कायद्याच्या लेखी आजही ठरलेले नाही. ‘खरे काय घडले’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची संख्या मात्र जराही रोडावलेली नाही. लग्नाच्या पंगतीत किंवा कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला, की ज्याने या प्रकरणातला एकही कागद पाहिलेला नाही असा माणूसही दाराची कडी आतून होती की बाहेरून यावर पैज लावायला तयार होतो. अशा माणसांसाठी, आणि त्यांच्याशी वाद घालून थकलेल्यांसाठी, एक सेवा गेली अनेक वर्षे विनामूल्य उपलब्ध आहे. ‘इंडियन कानून’ हे तिचे नाव. वकील मंडळींना तिची ओळख करून द्यायची गरज नाही. हे परीक्षण सामान्य वाचकासाठी आहे, आणि ते एकाच कसोटीवर बेतलेले आहे: आरुषी प्रकरणाविषयी कानावर पडणाऱ्या गोष्टी पारखून घ्यायला ही सेवा कितपत उपयोगी पडते?

मी वकील नाही. मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करताना न्यायालयीन बातम्या रोज हाताखालून जात, आणि वृत्तसंस्थेच्या चार परिच्छेदांत आलेला निकाल मुळात कसा असतो हे पाहण्याची सवय तिथे लागली. सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने हे संकेतस्थळ जानेवारी २००८ मध्ये सुरू केले, म्हणजे नोएडाच्या घटनेच्या काही महिने आधी. त्यापूर्वी निकाल वाचायचा तर विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय गाठावे लागे, नाहीतर ओळखीच्या वकिलाला गळ घालावी लागे. महागड्या कायदेविषयक संग्रहांची वर्गणी भरणे सामान्य वाचकाच्या आवाक्यातले नव्हते. इथे सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे निकाल, कायद्यांची कलमे, काही लवादांचे आदेश, सारे एका शोधपेटीतून मिळते, आणि वाचण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. संकेतस्थळाचे रूप अगदी साधे, जवळजवळ रुक्ष आहे. रक्ताळलेल्या चाकूचे चित्र नाही की काळजाचा ठोका चुकवणारे पार्श्वसंगीत नाही, आणि या विषयापुरता तरी हा मोठाच गुण समजायला हवा.

शोध रोमन लिपीत करावा लागतो, म्हणून पहिली अडचण आडनावाच्या स्पेलिंगची येते. या आडनावातला ‘व’ कुणी ‘व्ही’ने लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’ने, न्यायालयीन कागदांत तो ‘डब्ल्यू’ने आहे. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे काम सोपे होते. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला तर नेमका तोच शोधला जातो, आणि न्यायालय व वर्ष यांची चाळणी लावता येते. ही चाळणी या प्रकरणात अत्यावश्यक आहे, कारण तलवार दांपत्याच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाचे २०१२ मधले आदेशही आहेत आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १२ ऑक्टोबर २०१७ चा निकालही. पुष्कळजण सर्वोच्च न्यायालयाचे नाव पाहून आधीच्या आदेशावर थबकतात आणि ‘सर्वोच्च न्यायालयानेच त्यांना दोषी मानले होते’ असे सांगत सुटतात. प्रत्यक्षात ६ जानेवारी २०१२ च्या त्या आदेशापुढचा प्रश्न फार मर्यादित होता. सीबीआयने डिसेंबर २०१० मध्ये पुराव्याअभावी तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता. गाझियाबादच्या दंडाधिकाऱ्यांनी ९ फेब्रुवारी २०११ रोजी तो नाकारून आईवडिलांना आरोपी म्हणून पाचारण केले. ते पाचारण कायद्याला धरून आहे की नाही, एवढेच सर्वोच्च न्यायालयाला पाहायचे होते. दोष आणि निर्दोषत्व यांचा तिथे फैसलाच नव्हता. आदेश उघडून पाहिला तर हे पंधरा मिनिटांत कळते. पण पंधरा मिनिटे कुणाला नको असतात.

मुख्य ऐवज आहे तो २०१७ चा निकाल. न्यायमूर्ती बाळकृष्ण नारायण आणि न्यायमूर्ती अरविंद कुमार मिश्र यांच्या खंडपीठाचा हा निकाल छापील प्रतीत २७३ पानांचा भरतो. गाझियाबादच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०१३ रोजी आईवडिलांना दोषी ठरवून दुसऱ्या दिवशी जन्मठेप सुनावली होती. त्या शिक्षेविरुद्धच्या अपिलांचा हा निर्णय. सरकार पक्षाचे ३९ साक्षीदार आणि बचाव पक्षाचे ७, यांच्या साक्षी, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, खालच्या न्यायालयाने आधारभूत मानलेल्या परिस्थिती आणि त्या प्रत्येकीवरचे उच्च न्यायालयाचे मत, असा त्याचा पसारा आहे. तो एका बैठकीत वाचून होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. माझी शिफारस अशी की आपल्याला जी गोष्ट ‘पक्की माहीत’ आहे तिच्याशी संबंधित शब्द घेऊन निकालाच्या पानावर तोच शब्द शोधावा आणि तिथून मागचापुढचा भाग वाचावा.

उदाहरणादाखल खून कुठे झाला हा मुद्दा घेऊ. वडिलांनी रागाच्या भरात दोघांना मारले, ही जी कथा लोकांच्या बोलण्यात आजही सर्वाधिक फिरते तिचा सारा डोलारा, हेमराज यांच्यावर हल्ला आरुषीच्या खोलीत झाला, या एका गृहीतकावर उभा आहे. निकालात त्या खोलीतून गोळा केलेल्या वस्तूंचा आणि त्यांच्या न्यायवैद्यक तपासणीचा जो हिशेब मांडला आहे तो वाचला की दिसते ते असे: त्या खोलीत हेमराज यांचे रक्त किंवा डीएनए सापडल्याचा पुरावा सरकार पक्षाला देता आला नाही. बैठकीत रंगवली जाणारी कथा इथेच लंगडी पडते, कारण पायाच सिद्ध झालेला नाही. यावरून खरा गुन्हेगार कोण ते कळत नाही. मात्र ज्या कथेला आपण वर्षानुवर्षे ‘सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट’ म्हणत आलो ती न्यायालयात टिकली नाही, हे कळते.

उशीच्या अभ्र्याची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे आणि निकालातला तो भाग मी सावकाश वाचण्याजोगा मानतो. आरुषीच्या वडिलांच्या दंत दवाखान्यात मदतनीस असलेल्या तरुणाच्या खोलीतून जांभळ्या रंगाचा एक अभ्रा जप्त झाला होता. हैदराबादच्या डीएनए प्रयोगशाळेच्या अहवालात त्या अभ्र्यावर हेमराज यांचा डीएनए असल्याची नोंद होती. पुढे तीच नोंद अडचणीची ठरली, तेव्हा मार्च २०११ मध्ये प्रयोगशाळेकडून पत्र आले की दोन अभ्र्यांच्या वर्णनांची टंकलेखनात अदलाबदल झाली होती. दोन खुनांच्या खटल्यातला महत्त्वाचा दुवा असा टंकलेखनाच्या चुकीवर येऊन ठेपला, आणि उच्च न्यायालयाने हा खुलासा सहजासहजी पदरात घेतला नाही. इथे वाचकाने सावध राहायला हवे. हा भाग वाचून काहीजण लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि त्या तरुणाला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. निकालात तसे म्हटलेले नाही. त्याच्याविरुद्ध कधी आरोपपत्रच दाखल झाले नाही. एका अटकळीची जागा दुसरीने घेतली तर वाचण्याचा खटाटोप फुकट गेला असेच म्हणावे लागेल.

घरकाम करणाऱ्या बाईच्या साक्षीचेही तसेच. त्या सकाळी घराच्या दारांपाशी सर्वात आधी पोहोचलेली बाहेरची व्यक्ती ती, त्यामुळे कड्या आणि कुलपे यांच्याविषयीचे सारे तर्क तिच्या सांगण्यावर रचले गेले. उलटतपासणीत तिने, आपल्याला जे समजावून सांगितले गेले तेच आपण सांगत आहोत, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि उच्च न्यायालयाने ते गंभीरपणे घेतले. वर्तमानपत्रातल्या दाराच्या आकृतीत हे उत्तर कुठून दिसणार? न्यायमूर्ती मिश्र यांनी निकालाच्या अखेरीस स्वतंत्र पण सहमतीचे मत लिहिले आहे, आणि कंटाळून निकाल अर्ध्यावर टाकणाऱ्यांनी निदान ते तरी वाचावे. खालच्या न्यायाधीशांनी हे प्रकरण गणिताच्या कोड्यासारखे सोडवायला घेतले आणि एखाद्या चित्रपट दिग्दर्शकाप्रमाणे इतस्ततः विखुरलेल्या तथ्यांवर सुसंगती लादली, असे त्यांनी तिथे स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे. वाक्य एका न्यायाधीशाला उद्देशून आहे. पण ते वाचताना आपल्या ओळखीतले चारदोन हौशी गुप्तहेर डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाहीत.

आता या सेवेच्या वापरातला सर्वात मोठा धोका. निकालाचा मजकूर सलग असतो, आणि त्यात सरकारी वकिलांचे म्हणणे, बचाव पक्षाचे म्हणणे, साक्षीदारांचे म्हणणे, खालच्या न्यायालयाचे मत आणि शेवटी खंडपीठाचे स्वतःचे मत हे एकामागून एक येते. पानाच्या मधोमध उतरलेल्या वाचकाला आपण कुणाचा आवाज ऐकतो आहोत याचा पत्ता नसतो. आमच्या नात्यातल्या एका व्हॉट्सअॅप गटावर मध्यंतरी या निकालातल्या एका परिच्छेदाचे छायाचित्र आले, खाली ‘हे बघा, कोर्टानेच म्हटले आहे’ असा शेरा होता. परिच्छेद उघडून मागे गेलो तर तो सरकारी वकिलांच्या युक्तिवादाचा गोषवारा होता, आणि पुढे खंडपीठाने तोच मुद्दा फेटाळला होता. मी गटावर पुढचा परिच्छेद टाकला. मामांनी ‘बरं, असेल’ एवढेच उत्तर दिले आणि त्याच संध्याकाळी दुसरीच एक कथा पाठवली. एका ध्वनिमालिकेचा अनुभव याहून वाईट होता. वर्गणी भरून ऐकायला घेतलेल्या त्या मालिकेत निवेदक ‘न्यायालयीन कागदपत्रांनुसार’ असे भारदस्त आवाजात म्हणे आणि पुढे जे सांगे ते निकालाशी ताडून पाहिले तर एका पक्षाचा युक्तिवाद तरी निघे, नाहीतर २००८ मधल्या दूरचित्रवाणीवरची वावडी. मालिकेचे नाव घेण्याचे कारण नाही, त्याच वाणाचा माल बाजारात मुबलक आहे.

‘इंडियन कानून’च्या सशुल्क सदस्यत्वात यावर थोडा उतारा आहे. परिच्छेदांना तथ्ये, वादाचे मुद्दे, पक्षांचे युक्तिवाद, न्यायालयाची कारणमीमांसा आणि निष्कर्ष अशा खुणा संगणकाकडून लावून मिळतात, त्यामुळे निदान आवाज वेगळे ओळखता येतात. नवख्या वाचकाला त्यांचा आधार वाटेल, परंतु लांबलचक फौजदारी निकालात त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणे मी योग्य मानत नाही. यंत्राने लावलेली खूण ही खूणच असते. ‘विद्वान वकिलांनी असे प्रतिपादन केले’ हे वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी शोधणे अधिक खात्रीचे. एखाद्या प्रकरणापुरते वाचायचे असेल तर पैसे भरण्याची गरजच नाही.

मला या सेवेतली सर्वात मोलाची सोय वेगळीच वाटते. प्रत्येक निकालाच्या माथ्यावर, त्याने कोणत्या निकालांचा आधार घेतला आणि पुढे कोणी त्याचा आधार घेतला, याचे दुवे असतात. परिस्थितीजन्य पुराव्याच्या निकालांत या वाटेने मागे जात राहिले की आपण थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र शासन हा १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यातला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना केवळ परिस्थितीवरून दोषी ठरवायचे तर पाच अटी पूर्ण व्हायला हव्यात, असे त्या निकालाने सांगितले आणि देशभरातील फौजदारी न्यायालये आजही त्या पाच अटींना पंचशील मानून चालतात. त्या पाच अटींच्या मुळाशी आणखी एक महाराष्ट्रातलाच निकाल आहे, शिवाजी साहेबराव बोबडे यांचा, १९७३ चा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात म्हटले की ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांत लांबचे अंतर आहे आणि तेच धूसर तर्काला निश्चित निष्कर्षापासून वेगळे काढते. आरुषी प्रकरणातल्या चर्चांचे एकूण स्वरूप पाहिले तर त्यातली बहुतेक विधाने या अंतराच्या अलीकडच्या काठावरची आहेत: वडिलांचा राग अनावर झाला असू शकेल, नोकरांनी मद्य घेतले असू शकेल, कुणी बाहेरचा आला असू शकेल. गप्पांमध्ये हे अंतर एका उडीत पार होते. आरुषीच्या डॉक्टर आईवडिलांनी आयुष्याची चार वर्षे डासना कारागृहात घालवली ती अशाच उडीपायी, असे उच्च न्यायालयाचा निकाल वाचून माझे मत झाले आहे, आणि ते माझे मत आहे हेही सांगून ठेवतो.

नार्को चाचणीच्या बाबतीतही हीच वाट धरता येते. २००८ मध्ये संशयित ठरलेल्या तिघा तरुण नोकरांची नार्को चाचणी, म्हणजे औषधाच्या अमलाखालची चौकशी, झाली आणि अर्धवट शुद्धीत त्यांनी जे बरळले त्याची चित्रफीत वाहिन्यांवर झळकली. ‘त्यांनी तर कबूलच केले होते’ हे वाक्य तेव्हापासून वातावरणात आहे. पुराव्याअभावी ते तिघे त्याच वर्षी सुटले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या ५ मे २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या संमतीविना नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले, आणि औषधाच्या अमलाखाली माणूस जे बोलतो त्याला कबुली का म्हणता येत नाही याची चर्चा त्या निकालात विस्ताराने केली. तो निकालही इथे पूर्ण उपलब्ध आहे. ज्याला नार्कोच्या चित्रफितीवर भरवसा वाटतो त्याने निदान त्यातला वैज्ञानिक भाग वाचावा.

मात्र याच ठिकाणी या सेवेविषयी एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून परीक्षण पुरे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या तिघा तरुणांवर आरोपपत्रही दाखल झाले नाही त्यांची नावे निकालाच्या मजकुरात जागोजाग आहेत, आणि तो मजकूर सर्वांना शोधता येतो. खटला न चालताच संशय कायमचा नोंदला गेला. आईवडिलांची मुक्तता झाली तेव्हा निदान ती बातमी झाली; या तिघांच्या बाबतीत तेवढेही नाही. निकाल खुले असावेत की जुन्या संशयातून माणसाला सुटका मिळावी, हा वाद न्यायालयांपुढे आलेला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या सुरुवातीला एका निर्दोष सुटलेल्या व्यक्तीचा निकाल या संकेतस्थळावरून काढून टाकण्याचा आदेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. माझा कल खुलेपणाकडे आहे, कारण निकाल दडवला तर मागे फक्त वावड्या उरतील. पण ज्याचे नाव तिथे आहे त्याला हा युक्तिवाद पटेलच असे मी म्हणू शकत नाही. नाव झाकून मजकूर खुला ठेवण्याचा मधला मार्ग न्यायालयांनीच, निकाल लिहितानाच, अवलंबायला हवा.

वावड्या कुठून सुरू झाल्या याचा माग मात्र या सेवेत पुरेसा लागत नाही, आणि तो तिचा दोष म्हणता येणार नाही. २३ मे २००८ रोजी उत्तर प्रदेश पोलिसांच्या महानिरीक्षकांनी भर पत्रकार परिषदेत मृत मुलीचा उल्लेख वारंवार ‘श्रुती’ असा केला, आणि ज्या मुलीचे नावही नीट ठाऊक नव्हते तिच्या चारित्र्याविषयी सूचक विधाने केली. वडिलांना त्याच दिवशी अटक झाली. चौदावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर असलेल्या मुलीविषयी हे बोलले गेले आणि पुढची कित्येक वर्षे वाहिन्यांनी तेच दळण दळले. जानेवारी २०११ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयाच्या आवारात एका तरुणाने तिच्या वडिलांवर धारदार शस्त्राने वार केले. त्याचा या कुटुंबाशी काडीचा संबंध नव्हता. निकालांच्या कोरड्या भाषेत या वातावरणाचा दाब जाणवत नाही. तो समजून घ्यायचा तर मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा नीलेश नवलखा विरुद्ध भारत सरकार हा निकाल वाचावा. तो एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनासंबंधी आहे, आरुषीशी त्याचा संबंध नाही. पण तपास चालू असताना माध्यमांनी संशयिताचे चारित्र्य, साक्षीदारांच्या मुलाखती, घटनेचे नाट्यरूपांतर आणि कथित कबुलीजबाब यांच्या बाबतीत काय करू नये याची जी यादी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांच्या खंडपीठाने दिली, ती वाचताना २००८ ची नोएडा पदोपदी आठवते.

उणिवा आहेतच. पहिली आणि मोठी उणीव भाषेची. उच्च न्यायालयांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते, निकालही बहुतेक इंग्रजीत असतात, आणि ते इंग्रजीही ‘सबब’, ‘तद्नुसार’ छापाचे, वाक्यात वाक्य अडकलेले. ज्या मराठी वाचकाला या निकालाची खरी गरज आहे त्याच्यापर्यंत तो याच कारणाने पोहोचत नाही, आणि ती पोकळी यूट्यूबवरचे कथेकरी भरून काढतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून स्वतःचा निकालसंग्रह सर्वांना मोफत खुला केला आणि काही निकालांचे मराठीसह भारतीय भाषांत अनुवादही देऊ केले, हे चांगलेच पाऊल आहे. उच्च न्यायालयांच्या अशा मोठ्या फौजदारी निकालांनाही ते लागू व्हायला हवे. दुसरे असे की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शेकडो पानांचा मजकूर सरकवत वाचणे जिवावर येते; संगणकावरच बसावे. तिसरी गोष्ट वाचकाने स्वतःच लक्षात ठेवायची. इथे मिळतो तो निकाल; मूळ साक्षी, पंचनाम्याची छायाचित्रे, प्रयोगशाळेचे अहवाल इथे नाहीत. निकाल वाचला म्हणजे पुरावा पाहिला असे होत नाही, दोन न्यायमूर्तींनी पुराव्याविषयी काय लिहिले ते आपण वाचले एवढेच. न्यायालयीन कामासाठी प्रमाणित प्रत लागते आणि ती त्या त्या न्यायालयाकडूनच घ्यावी लागते. शासनाच्या ई-कोर्ट्स सेवेवर प्रकरणाची अधिकृत सद्यःस्थिती कळते, पण तिथे प्रकरण क्रमांक, वर्ष, पक्षकार असा काही धागा आधी हाती असावा लागतो. नुसत्या विषयावरून निकाल हुडकायचा तर ‘इंडियन कानून’च सोयीचे.

शोधपेटीत हेमराज यांचे नाव टाकून पाहण्याचा सल्ला मी आवर्जून देईन. निकालाच्या शीर्षकात ते कुठेच नाहीत, आणि आपण सारेही या प्रकरणाला ‘आरुषी प्रकरण’ म्हणतो (या परीक्षणाचे शीर्षकही त्याला अपवाद नाही). मजकुरात मात्र ते पानोपानी आहेत, बहुतेक ठिकाणी रक्तगटाच्या, फोनच्या नोंदीच्या किंवा जखमांच्या संदर्भात. नेपाळहून पोटासाठी आलेला हा माणूस पहिल्या दिवशी पोलिसांच्या लेखी मुख्य संशयित होता. गच्ची उघडली गेली असती तर तो संशय काही तासही टिकला नसता. लोकांच्या अटकळींत त्यांना कधी गुन्हेगाराची, कधी निमित्ताची भूमिका मिळाली, पण ज्याचा खून झाला असा माणूस म्हणून त्यांचा विचार क्वचितच झाला. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागणाऱ्यांत सीबीआयच्या आधी त्यांच्या पत्नी होत्या, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे.

सेवेची किंमत, वेग, मजकुराचा आवाका आणि आडव्यातिडव्या दुव्यांची सोय लक्षात घेता सामान्य वाचकासाठी मी ‘इंडियन कानून’ला पाचापैकी चार गुण देईन, कापलेला एक गुण भाषेचा आहे आणि त्याचे उत्तरदायित्व या संकेतस्थळापेक्षा आपल्या न्यायव्यवस्थेचे अधिक. ज्यांना रात्री झोपण्यापूर्वी थरार हवा आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांची इथे निराशाच होईल. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी २०१७ च्या निकालातले न्यायमूर्ती मिश्र यांचे स्वतंत्र मत आधी वाचावे, मग उशीच्या अभ्र्यासंबंधीचा भाग, आणि सवड मिळेल तेव्हा बाकीचे. सीबीआयचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखल करून घेतले आहे. त्याचा निकाल शोधताना तारखेची चाळणी लावून सर्वात नवे आधी येतील अशी मांडणी निवडावी, म्हणजे २०१२ चे जुने आदेश पुन्हा मध्ये येणार नाहीत.